रीमास्टर ऐकून बेस वर येत नाही

मेटॅलिका या मेटल बँडचा १९८८ चा अल्बम 'अँड जस्टिस फॉर ऑल' २०१८ मध्ये रीमास्टर होऊन आला. तेव्हापासून दर काही महिन्यांनी कोणीतरी मला मोठ्या उत्साहानं सांगतं, "अरे, जुना नको ऐकूस. रीमास्टर ऐक, त्यात बेस नीट ऐकू येतो." नाही येत. मी तो चांगल्या हेडफोनवर, रात्री घर शांत झाल्यावर, मूळ अल्बमशी ताडून ऐकलाय. जेसन न्यूस्टेडचा बेस, म्हणजे खालच्या स्वरांची गिटार, १९८८ मध्ये जिथे गाडला गेला होता, तिथेच आहे. आणि तो तिथेच राहणार, कारण रीमास्टर करणाऱ्याच्या हातात बेस नसतोच. बेस ज्याच्या हातात असतो त्या कामाला रीमिक्स म्हणतात. हे दोन शब्द आपण इतके सैल वापरतो की जुने अल्बम पुन्हा ऐकायला बसलेला माणूस चुकीची आवृत्ती लावतो आणि दोष बँडला देतो.

रीमिक्सचं आपल्याकडे काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे, म्हणून त्यात वेळ घालवत नाही. मिरवणुकीतल्या डीजेमुळे आणि जुन्या सिनेगीतांवर नवे ठोके चढवलेल्या कॅसेटींमुळे हा शब्द ऐकला की नाचायचं गाणं डोळ्यांसमोर येतं. रॉक अल्बमच्या बाबतीत तो अर्थ बाजूला ठेवा. इथे नवे ठोके नसतात, गाण्याची लांबी सहसा तीच असते, गायकही तोच.

आता मुख्य गोष्ट. स्टुडिओत बँड वाजवतो तेव्हा वाद्यं वेगवेगळ्या ट्रॅकवर जातात. ड्रम इकडे, बेस तिकडे, गिटार आणखी कुठे, गळा स्वतंत्र. पिंक फ्लॉइडचा 'डार्क साइड ऑफ द मून' सोळा ट्रॅकच्या यंत्रावर झाला, बीटल्सचा 'सार्जंट पेपर' चारच ट्रॅकच्या. हे सुटे ट्रॅक एकत्र आणून कोणता किती मोठा, कोणता डावीकडे, कोणता उजवीकडे, कोणावर किती घुमारा, हे ठरवायचं काम म्हणजे मिक्स. त्यातून डावी आणि उजवी अशा दोनच वाटांचं एक गाणं तयार होतं. त्या तयार गाण्यावर शेवटचा हात फिरवून ते तबकडी, सीडी किंवा स्ट्रीमिंगच्या जोगं करायचं काम म्हणजे मास्टरिंग.

थालीपीठाची भाजणी घरी करणाऱ्याला हे लगेच कळेल. तांदूळ, ज्वारी, हरभराडाळ, उडीद, धणे सुटे असतात तोवर धणे कमी करता येतात, उडीद वाढवता येतात. एकदा दळून आणलं की पीठ चाळता येतं, मळताना तिखटमीठ घालता येतं, पण धणे काढता येत नाहीत. मल्टीट्रॅक टेप म्हणजे सुटं धान्य, मास्टर टेप म्हणजे दळलेलं पीठ. रीमास्टर करणारा पिठापासून सुरुवात करतो, रीमिक्स करणारा धान्यापासून.

म्हणून 'जस्टिस'चा बेस येत नाही. बँडचा आधीचा बेसवादक क्लिफ बर्टन १९८६ मध्ये स्वीडनमध्ये बसच्या अपघातात गेला, त्याच्या जागी न्यूस्टेड आला, आणि बँडबरोबरच्या त्याच्या पहिल्या पूर्ण अल्बममध्येच त्याचा बेस जवळजवळ नाहीसा झाला. मिक्स करणाऱ्यांपैकी स्टीव्ह थॉम्पसननं पुढे उघडपणे सांगितलं की बेस खाली घ्यायची सूचना बँडकडूनच आली होती. म्हणजे तो निर्णय मिक्सच्या टेबलावर झाला आणि दळला गेला. रीमास्टरमध्ये खालचा पट्टा सगळाच्या सगळा वर उचलता येतो. पण तसं केलं की बेसबरोबर ड्रमर लार्स उलरिकचा बास ड्रमही (पायानं वाजवायचा मोठा ड्रम) वर येतो, गायक-गिटारवादक हेटफील्डच्या गिटारचा जाड भागही वर येतो. बेस होता तिथेच, इतरांच्या मागे. चाहत्यांनी बेस वर आणलेल्या ज्या आवृत्त्या नेटवर सापडतात, त्या रीमास्टर नव्हेत. २००९ च्या 'गिटार हिरो: मेटॅलिका' या खेळासाठी काही गाण्यांचे वेगळे ट्रॅक दिले गेले, ते लोकांच्या हाती लागले आणि त्यांनी घरी बसून मिक्स केले. सुटं धान्य मिळालं म्हणून जमलं.

मग रीमास्टर निरुपयोगी का? अजिबात नाही. मूळ टेप शोधून ती चांगल्या यंत्रावर नीट उतरवणं हेच निम्मं काम आहे. सीडीच्या सुरुवातीच्या काळात कित्येक अल्बम मूळ टेपच्या प्रतीच्या प्रतीवरून घाईनं उतरवले गेले, आणि त्यांच्यावर साचलेली धूळ नंतरच्या रीमास्टरनं पुसली गेली. बीटल्सचे २००९ चे रीमास्टर मला फार आवडतात, कारण ते करणाऱ्यांनी हात आखडता ठेवला.

पण रीमास्टरमध्ये एक फसवी गोष्ट लपलेली असते, आणि लोक तिलाच "जास्त क्लिअर" म्हणतात. ती म्हणजे आवाजाची पातळी. आपला कान असा आहे की तेच गाणं थोडं मोठं लावलं तर खालचे आणि वरचे दोन्ही स्वर जास्त भरीव वाटतात. नव्वदीच्या मध्यापासून पुढे लिमिटर लावून गाणी मोठी, आणखी मोठी करायची शर्यतच लागली. ड्रमवर काठी पडते तेव्हा क्षणभर जो ठोका उसळतो, तो कापायचा आणि उरलेलं सगळं वर ओढायचं. पहिल्या मिनिटाला छान वाटतं. चौथ्या गाण्याला कान थकतात, कारण हळू आणि जोरात यांत फरकच उरलेला नसतो. रेड हॉट चिली पेपर्सचा १९९९ चा 'कॅलिफोर्निकेशन' ऐका, किंवा मेटॅलिकाचाच २००८ चा 'डेथ मॅग्नेटिक'. हे तर नवेच अल्बम होते. तोच रोलर पुढे सत्तरच्या दशकातल्या अल्बमांवर 'रीमास्टर' या नावाखाली फिरवला गेला, आणि याचा मला मनापासून राग आहे. ज्या संगीतात एक माणूस हलकेच तार छेडतो आणि मग पूर्ण बँड अंगावर येतो, तिथे ते दोन्ही एकाच उंचीवर आणणं म्हणजे रचनाच मोडणं.

म्हणून जुनं आणि रीमास्टर ताडून पाहायचं असेल तर दोन्हींचा आवाज आधी सारखा करा. स्पॉटिफायवर सेटिंगमध्ये नॉर्मलायझेशन चालू ठेवलं की ते गाणी साधारण उणे १४ एलयूएफएस (कानाला जाणवणारा मोठेपणा मोजायचं एकक) या पातळीच्या आसपास आणतं. मोठं गाणं खाली येतं, पण कापलेले ठोके परत येत नाहीत. अशा बरोबरीच्या लढतीत कित्येक रीमास्टर मला जुन्या सीडीपुढे हरताना ऐकू आलेत.

आता रीमिक्स. 'सार्जंट पेपर'चं १९६७ चं मोनो, म्हणजे एकाच वाटेचं, मिक्स बीटल्सनी स्वतः बसून करून घेतलं होतं, डाव्या-उजव्या वाटांचं स्टिरिओ नंतर घाईनं झालं. त्यामुळे 'शीज लीव्हिंग होम' स्टिरिओत मोनोपेक्षा संथ आणि खालच्या पट्टीत आहे. २००९ च्या रीमास्टरमध्ये तो संथपणा तसाच राहिला, राहायलाच हवा होता. २०१७ मध्ये जाइल्स मार्टिननं रीमिक्स केलं तेव्हा तो वेग मोनोसारखा केला. चार ट्रॅक भरले की ते दुसऱ्या यंत्राच्या एका ट्रॅकवर उतरवून जागा करायची, अशी तेव्हाची पद्धत होती. त्यात दर खेपेला आवाज थोडा मळत असे. मार्टिन उतरवण्याआधीच्या टेपांपर्यंत मागे गेला. रिंगोचे ड्रम इतके जवळ मी त्याआधी ऐकले नव्हते.

आणि गुंतागुंत पाहा. 'रबर सोल' या १९६५ च्या अल्बमचं सीडीसाठी १९८७ मध्ये जाइल्सचे वडील आणि बीटल्सचे निर्माते जॉर्ज मार्टिन यांनी रीमिक्स केलं होतं. २००९ चा स्टिरिओ रीमास्टर त्या रीमिक्सवरून झाला. म्हणजे "मूळ स्टिरिओ, फक्त स्वच्छ केलेला" असं समजून तुम्ही जे ऐकता ते १९६५ चं स्टिरिओ मिक्स नाहीच.

जेथ्रो टलच्या 'ॲक्वालंग'मुळे तर हा फरक मला कायमचा कळला. १९७१ चा हा अल्बम गाण्यांनी श्रीमंत आणि ध्वनीनं धुरकट. संगीतकार स्टीव्हन विल्सननं २०११ मध्ये त्याचं रीमिक्स केलं आणि धुकं उठलं. पण त्या संचावरचं मास्टरिंग अनेकांना पटलं नाही, मलाही नाही. २०१६ च्या आवृत्तीत तेच रीमिक्स मास्टरिंगचा हात न फिरवता आलं आणि ते श्वास घेत होतं. मिक्स एकच, मास्टरिंगची तऱ्हा वेगळी, आणि कानाला दोन वेगळे अल्बम. ही दोन कामं स्वतंत्र आहेत याचा याहून चांगला पुरावा मला माहीत नाही. विल्सननं केलेली किंग क्रिमसन आणि येस या बँडची रीमिक्सही अशीच अदबीनं केलेली आहेत. तो जुन्या मिक्सजवळ बसून मोजत मोजत पुढे जातो.

सगळी रीमिक्स मात्र अशी नसतात. इग्गी अँड द स्टूजेसचा 'रॉ पॉवर' १९७३ मध्ये डेव्हिड बोवीनं मिक्स केला. इग्गी पॉपनं १९९७ मध्ये तो स्वतः पुन्हा मिक्स केला आणि आवाज इतका चढवला की स्पीकर ओरडतात. काहींना तेच हवं असतं. मला बोवीचं किरटं, वेडंवाकडं मिक्स जास्त धोकादायक वाटतं. उलट पिंक फ्लॉइडच्या 'ॲनिमल्स'चं रीमिक्स, जे २०१८ मध्ये तयार झालं आणि २०२२ मध्ये बाहेर आलं, ते मी आता मूळ अल्बमच्या आधी लावतो.

भाजणीच्या नियमाला अलीकडे एक अपवाद निघालाय, तो सांगितलाच पाहिजे. १९६६ च्या 'रिव्हॉल्व्हर'मध्ये काही ठिकाणी ड्रम, बेस आणि गिटार एकाच ट्रॅकवर होते. चित्रपट दिग्दर्शक पीटर जॅक्सनच्या चमूनं संगणकाला वाद्यं ओळखायला शिकवून ती वेगळी काढली, आणि २०२२ चं रीमिक्स त्यावरून झालं. दळलेल्या पिठातून धणे निवडायचाच हा प्रकार. याला डीमिक्स म्हणतात. त्यातून पुढे जे होतं ते रीमिक्सच.

एक तिसरा प्रकार असतो, त्याला यातलं कोणतंच नाव लागत नाही. ओझी ऑस्बोर्नचे 'ब्लिझर्ड ऑफ ओझ' आणि 'डायरी ऑफ अ मॅडमन' २००२ मध्ये पुन्हा निघाले तेव्हा मूळ बेस आणि ड्रम काढून रॉबर्ट त्रुहियो आणि माइक बोर्डिन यांच्याकडून ते नव्यानं वाजवून घेतले होते. अल्बमचं नाव मात्र जुनंच. बॉब डेझली आणि ली कर्सलेक या मूळ वादकांचं वाजवणं पुसलं गेलं. २०११ मध्ये ते परत आलं. कोणाच्या हातातलं वाद्य काढून घेऊन त्याला जुन्याच अल्बमचं नाव देणं मला आजही सहन होत नाही.

डीलक्स, ॲनिव्हर्सरी, एक्सपांडेड हे शब्द ध्वनीबद्दल काहीच सांगत नाहीत. त्यांचा अर्थ जास्तीची गाणी, एवढाच. यूट्यूबवर कोणी स्वतःच 'रीमास्टर्ड' असं लिहिलं असेल तर बहुतेक वेळा खालचे-वरचे स्वर फुगवलेले असतात. पुढे चला.

कमी माहीत असलेलं संगीत शोधताना मात्र हे सगळं वेगळ्या तऱ्हेनं कामाला येतं. सत्तरच्या दशकातला मुंबईचा ॲटॉमिक फॉरेस्ट हा बँड, १९७० आणि १९७१ च्या सिमला बीट या बँडांच्या स्पर्धेच्या एलपी, झांबियातले विच आणि अमानाझ हे बँड, ही मंडळी आता नेटवर सापडतात, आणि आपल्या मातीतलं वा आपल्यासारख्या देशातलं रॉक ऐकून मी हरखून जातो. अशा संगीताच्या सुट्या ट्रॅकांच्या टेपा बहुधा उरलेल्या नसतात. कधी कधी मास्टर टेपही नसते आणि चांगल्या अवस्थेतल्या तबकडीवरूनच उतरवावं लागतं. तिथे रीमिक्सची अपेक्षा धरू नका. खरखर राहिली तर राहू द्या, ती पार काढताना झांजांची चकाकीही जाते. पण शोध चालू ठेवा. अमानाझच्या १९७५ च्या 'आफ्रिका'ची एक कोरडी आणि एक रिव्हर्ब म्हणजे घुमारा घातलेली अशी दोन मिक्स मिळतात. दोन्ही ऐकली की मिक्स म्हणजे काय ते कान स्वतः शिकतो.

ज्यांना ओळखीच्या अल्बमवरूनच सुरुवात करायची आहे त्यांच्यासाठी रश या बँडचा 'व्हेपर ट्रेल्स'. २००२ मध्ये तो इतका कोंबून, फाटक्या आवाजात आला की नुसतं मास्टरिंग करून भागणारं नव्हतं. डेव्हिड बॉट्रिलनं सुट्या ट्रॅकांपर्यंत जाऊन २०१३ मध्ये तो पुन्हा मिक्स केला. आवाज सारखा करा, पहिलं गाणं आधी २००२ चं लावा, मग २०१३ चं. सुरुवातीला ड्रमर नील पीअर्ट एकटाच दोन्ही पायांनी बास ड्रम वाजवत येतो. तेवढी काही सेकंदंच ऐका.