खड्यात नोंदलेलं वय

घोळीचं किंवा ढोम्याचं डोकं ज्यांनी आमटीत चोखून खाल्लंय, त्यांना दाताखाली येणारा तो पांढरा, चिनी मातीसारखा खडा ओळखीचा असेल. तो माशाच्या कानातला खडा. ऐकायला आणि तोल सांभाळायला मासा तो वापरतो, आणि चुन्याचा थरावर थर चढत तो जन्मभर वाढत राहतो. त्याची पातळ चकती कापून सूक्ष्मदर्शकाखाली धरली की झाडाच्या खोडात असतात तशी वर्तुळं दिसतात. एक वर्तुळ म्हणजे साधारण एक वर्ष. समुद्रात किती मासे धरावेत याचा हिशेब बऱ्याचदा या वर्तुळांपासून सुरू होतो. ऑरेंज रफी या माशाच्या बाबतीत वर्तुळं नीट वाचायला उशीर झाला, आणि तोवर जाळी कामाला लागली होती.

हा खोल पाण्यातला मासा. न्यूझीलंड, टास्मानिया, नामिबिया, आयर्लंडच्या पश्चिमेचा अटलांटिक, दक्षिण हिंदी महासागर अशा दूरदूरच्या ठिकाणी साधारण ७०० ते १४०० मीटर खोलीवर तो सापडतो. लांबी फूट-सव्वा फूट, रंग विटेसारखा लाल. त्या खोलीवर लाल प्रकाश पोचतच नाही, त्यामुळे तिथे तो काळाच दिसतो, म्हणजे जवळजवळ दिसतच नाही. डोक्यावर हाडांच्या कडा आणि त्यांच्यामध्ये बुळबुळीत द्रवाने भरलेल्या खाचा, म्हणून या कुळाला इंग्रजीत ‘स्लाइमहेड’ म्हणजे ‘बुळबुळ्या डोक्याचे’ म्हणत. अशा नावाने मासा कोण विकत घेणार? बाजारासाठी त्याचं ‘ऑरेंज रफी’ हे नवं नाव रूढ झालं. मांस पांढरंशुभ्र, सौम्य चवीचं, वास जवळजवळ नाहीच. गोठवलेल्या तुकड्यांच्या रूपात तो मुख्यतः अमेरिकेत खपू लागला. कातडीखालची मेणासारखी चरबी माणसाला पचत नाही, पोट बिघडतं, म्हणून कातडी काढताना तो थरही जाडसर तासून टाकावा लागतो. याच मेणामुळे मासा पाण्यात अलगद तरंगतो. बऱ्याच माशांच्या पोटात हवेची पिशवी असते, याच्या पिशवीत मेण भरलेलं असतं.

न्यूझीलंडच्या पूर्वेला पसरलेल्या चॅथम राइज या समुद्राखालच्या पठारावर १९७९ च्या सुमारास त्याची व्यापारी मासेमारी सुरू झाली. अंडी घालायला हे मासे हिवाळ्यात पाण्याखालच्या डोंगरांभोवती प्रचंड संख्येने जमतात. अशा थव्यातून ट्रॉलचं जाळं काही मिनिटं ओढलं तरी दहा-वीस टन मासा वर यायचा. १९८० च्या दशकाच्या अखेरीस एकट्या न्यूझीलंडची वर्षाची पकड ५० हजार टनांच्या वर गेली होती. टास्मानियाजवळ सेंट हेलेन्स हा पाण्याखालचा डोंगर १९८९ मध्ये हाती लागला आणि तिथेही तीच झुंबड उडाली. एवढा मासा दिसतोय म्हणजे तो झपाट्याने वाढत असणार, दरवर्षी नवा येत असणार, असंच सगळ्यांनी धरलं होतं.

खड्यांनी वेगळंच सांगितलं. काठाकडची वर्तुळं इतकी दाट होती की ती खरंच वर्षांची आहेत का, यावर वाद झाला. तो सोडवायला किरणोत्सर्गाची मदत घेतली गेली. समुद्राच्या पाण्यातलं थोडं रेडियम खड्याच्या गाभ्यात अडकतं आणि त्याचं ठरलेल्या गतीने शिसं होत जातं. रेडियमच्या मानाने शिसं जितकं जास्त, तितका खडा जुना. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या अशा मोजणीत काही मासे शंभरी कधीच ओलांडलेले निघाले. २०२१ मध्ये न्यूझीलंडच्या संशोधकांनी एका माशाचं वय २३० ते २४५ वर्षं असल्याचं सांगितलं. म्हणजे पुण्यात सवाई माधवरावांची पेशवाई होती त्या सुमाराचा त्याचा जन्म!

हा मासा वयात येतो तोच विशी ते चाळिशीच्या दरम्यान. कॉडच्या गाभोळीत लाखो अंडी असतात, याच्या गाभोळीत काही दहा हजार. इतक्या सावकाश चालणाऱ्या प्राण्याच्या मूळ साठ्यातून वर्षाला जेमतेम एक-दोन टक्के मासा काढता येतो. नामिबियात १९९० च्या दशकाच्या मध्यावर सुरू झालेली मासेमारी पाच-सहा वर्षांतच कोसळली. न्यूझीलंडने चॅलेंजर या समुद्राखालच्या पठारावरची पकड २००० मध्ये बंद केली, ऑस्ट्रेलियाने २००६ मध्ये हा मासा संवर्धनाच्या यादीत घातला.

उरले किती, हे मोजणंही अवघड. खोलातले मासे ध्वनिलहरी सोडून त्यांच्या प्रतिध्वनीवरून मोजतात. पण ध्वनिलहरी हवेवरून जोरात परततात, आणि याच्या पिशवीत हवाच नाही. शेजारी हवेच्या पिशवीचे छोटे मासे असले तर त्यांचाच आवाज मोठा येतो. म्हणून ऑस्ट्रेलियाच्या संशोधकांनी जाळ्याच्या तोंडाशीच ध्वनियंत्र आणि कॅमेरे बसवून खोलात सोडले. मला या सगळ्या कहाणीतलं हे काम सर्वांत मोलाचं वाटतं, कारण इथे अंदाजावर न विसंबता जवळ जाऊन बघितलं गेलं.

बघताना आणखी एक गोष्ट दिसली. ज्या डोंगरांवर जाळी फिरली होती, तिथली प्रवाळं घासून निघून उघडा खडक राहिला होता. ही प्रवाळंही शेकडो वर्षांची असतात. टास्मानियाच्या दक्षिणेकडच्या काही डोंगरांना १९९९ मध्ये राखीव क्षेत्र करण्यात आलं.

न्यूझीलंडच्या तीन साठ्यांना २०१६ मध्ये टिकाऊ मासेमारीचं प्रमाणपत्र मिळालं. पर्यावरण संस्थांनी त्याला हरकत घेतली होती. या वादाचा निकाल लवकर लागणार नाही, कारण १९९० च्या दशकात जाळ्यात आलेले बहुतेक मासे मासेमारी सुरू होण्याच्या कितीतरी आधी जन्मलेले होते. चॅथम राइजवर पहिली जाळी पडली त्या हिवाळ्यात अंड्यातून बाहेर आलेली पिल्लं आता कुठे मोठी झाली आहेत. त्यांच्यातले काही अगदी अलीकडेच पहिल्यांदा त्या डोंगरांवर अंडी घालायला जमले असतील.