वॉटर्लू : पटावरची लढाई

१८ जून १८१५ रोजी ब्रुसेल्सच्या दक्षिणेला झालेली लढाई चिमुकल्या शिपायांच्या प्रतिकृती, फासे आणि मोजपट्टी घेऊन टेबलावर नव्याने लढण्याचा खेळ. मिनिएचर वॉरगेम हा छंद असणाऱ्यांना वॉटर्लूचे आकर्षण मोठे. इतिहास जसाच्या तसा वठवणे हा खेळाचा हेतू नसतो. त्या दिवशीचे सैन्य, जमीन आणि वेळ मांडून ठेवायची आणि सेनापतीने दुसरा निर्णय घेतला असता तर काय झाले असते ते पाहायचे.

ही लढाई टेबलाला सोयीची आहे, कारण रणभूमी लहान होती. फ्रान्सचा सम्राट नेपोलियनचे सुमारे ७३ हजार आणि ब्रिटिश सेनापती वेलिंग्टनचे सुमारे ६८ हजार सैनिक जेमतेम पाच किलोमीटरच्या पट्ट्यात समोरासमोर उभे होते. वेलिंग्टनच्या उजवीकडे ऊगूमाँचा वाडा, मध्यभागी ला ए सँत हा शेतवाडा आणि मागे एक बुटका उंचवटा. त्या उंचवट्याच्या पलीकडच्या उतारावर त्याने आपले बरेचसे सैन्य लपवले होते. आज तिथे जाऊन जमीन पाहिली तर फसगत होते. १८२६ मध्ये पूर्ण झालेल्या सिंह-टेकडीसाठी, म्हणजे माथ्यावर सिंहाचा पुतळा असलेल्या स्मारकाच्या टेकाडासाठी, याच उंचवट्याची माती उपसली गेली. म्हणून पट तयार करणारे जुन्या नकाशांवर विसंबतात.

प्रमाणाचा हिशेब डोके खातो. एक मीटरला एक मिलिमीटर धरले तर पाच मीटरचे टेबल लागते. पण त्यावर उभा केलेला २८ मिलिमीटरचा शिपाई मग २८ मीटर उंच ठरतो! ही तडजोड सगळे मान्य करतात. सहाशे जणांची पलटण २४ शिपायांत दाखवतात, म्हणजे एक प्रतिकृती पंचवीस माणसांची. घरे मात्र मुद्दाम लहान मापाची घेतात, नाहीतर एकटा ला ए सँत निम्मे मैदान व्यापेल. सबंध रणांगण एका नजरेत यावे असे ज्यांना वाटते, ते सहा मिलिमीटरच्या प्रतिकृतींकडे वळतात. त्यात चेहरे दिसत नाहीत, पण सैन्य सैन्यासारखे दिसते.

एक पलटण जवळून पाहू. चार-चार शिपाई चिकटवलेले सहा तळ एका ओळीत ठेवले की ती गोळीबाराची रांग. एकामागे एक लावले की हल्ल्याचा स्तंभ. घोडदळ चालून आले की तेच तळ तोंडे बाहेर करून वळवायचे, चौरस व्यूह तयार. त्यात घोडेस्वार सहसा घुसू शकत नाहीत, पण एवढी दाटीवाटीची माणसे तोफांना आयतीच सापडतात. तोफ डागली गेली हे दाखवायला तिच्या तोंडाशी कापसाचा बोळा ठेवतात. प्रत्यक्ष लढाईत दुपारी चारनंतर नेपोलियनचा सेनानी मार्शल ने याने पायदळ आणि तोफांची पुरेशी साथ न घेता घोडदळ या चौरसांवर पुन्हा पुन्हा घातले. टेबलावर ही चूक सहसा कुणी करत नाही, आणि खेळाची खरी अडचण इथेच आहे. खेळणाऱ्याला पुढचे सारे ठाऊक असते.

सगळ्यात मोठी अडचण प्रशियनांची, म्हणजे वेलिंग्टनच्या जर्मन दोस्तांची. त्यांचा सेनापती ब्ल्यूखरचे सैन्य साडेचारच्या सुमारास नेपोलियनच्या उजव्या बगलेवर उतरले आणि प्लांसन्वा गावात घनघोर झुंज झाली. नेपोलियन म्हणून बसलेला खेळाडू घड्याळ पाहूनच डाव आखतो. अर्ध्या तासाची एक फेरी धरली तर सकाळी साडेअकरापासून साडेचारपर्यंत दहाच फेऱ्या हातात असतात. उपाय म्हणून काही ठिकाणी प्रशियनांची वेळ फाशांवर सोडतात, काही ठिकाणी ते पंचाच्या नकाशावरच लपलेले असतात. कधी तर गावांची आणि सैन्यांची नावे बदलून लढाईच ओळखू येणार नाही अशी मांडतात. हा शेवटचा उपाय सर्वांत प्रामाणिक, कारण त्यात खेळाडू नेपोलियनइतकाच अंधारात राहतो. ला ए सँतमधल्या जर्मन पलटणीची काडतुसे संपली आणि संध्याकाळी वाडा पडला. अशा गोष्टीही नियमांत यायला हव्यात, नाहीतर टेबलावरचा दारूगोळा कधी संपतच नाही.

या छंदाचा एक पूर्वज लंडनच्या नॅशनल आर्मी म्युझियममध्ये आहे. कॅप्टन विल्यम सायबॉर्नने रणभूमीवर महिनोन् महिने राहून मोजणी केली, हयात अधिकाऱ्यांना पत्रे लिहून माहिती गोळा केली आणि ७० हजारांवर शिपायांची भव्य प्रतिकृती १८३८ मध्ये लोकांसमोर ठेवली. तीत संध्याकाळी सातचा क्षण गोठवलेला आहे. प्रशियन किती आणि कुठे दाखवायचे यावरून वाद पेटला. वेलिंग्टनच्या बाजूची नाराजी पाहून त्याने पुढे बरेच प्रशियन उचलून टाकले. २०१९ मध्ये ग्लासगो विद्यापीठात हीच लढाई वीस हजारांहून अधिक प्रतिकृती मांडून खेळली गेली.

वेलिंग्टनची आणखी एक लढाई या नियमांत चपखल बसते : २३ सप्टेंबर १८०३ची असईची, आजच्या जालना जिल्ह्यातली. शिंदे-भोसल्यांच्या फौजेसमोर कैलना नदी ओलांडायची होती आणि वाटाड्यांच्या मते तिथे उतार, म्हणजे पायी ओलांडण्याजोगी उथळ जागा, नव्हता. दोन्ही काठांवर आमनेसामने गावे दिसली, तेव्हा मध्ये उतार असणारच, असा तर्क करून त्याने सैन्य घातले. पटावर ही लढाई मांडताना तो उतार रंगवू नये; पंचाच्या नकाशातच ठेवावा.