पार्श्वभूमी : रेजी व्हाइट आणि ‘मुक्त खेळाडू’ या शब्दाचा गुंता

रेजी व्हाइटचे नाव निघाले की पाठोपाठ १९८ हा आकडा येतो. अमेरिकन फुटबॉलच्या नॅशनल फुटबॉल लीगमध्ये डिफेन्सिव्ह एंड, म्हणजे बचावफळीच्या टोकाचा खेळाडू म्हणून त्याने क्वार्टरबॅकला, म्हणजे प्रतिस्पर्ध्यांच्या चढाईच्या सूत्रधाराला, चेंडूसह जमीनदोस्त केल्याच्या, म्हणजे सॅकच्या नोंदी एवढ्या आहेत आणि निवृत्तीच्या वेळी तो उच्चांक होता. तो २००३ मध्ये मोडला गेला. तरीही त्याच्या कारकिर्दीचा खरा सांधा मैदानाबाहेर, मिनियापोलिसच्या एका न्यायालयात आहे. ६ एप्रिल १९९३ रोजी त्याने ग्रीन बे पॅकर्सशी चार वर्षांचा, १ कोटी ७० लाख डॉलरचा करार केला. असा करार करण्याची मुभा त्याच्या आधीच्या पिढीतील बिनीच्या खेळाडूंना जवळजवळ नव्हतीच.

टेनेसी राज्यातील चट्टानूगा हे त्याचे गाव आणि टेनेसी विद्यापीठ हा त्याचा संघ. सतराव्या वर्षीच त्याला बाप्टिस्ट धर्मोपदेशकाची दीक्षा मिळाली होती. १९८४ मध्ये त्याने वसंत ऋतूत खेळल्या जाणाऱ्या प्रतिस्पर्धी लीगमधील मेम्फिस शोबोट्स हा घराजवळचा संघ निवडला, तिथे दोन हंगामांत साडेतेवीस सॅक नोंदवले आणि १९८५ चा वसंत संपल्यावर त्याच वर्षीच्या शरदात तो फिलाडेल्फिया ईगल्सकडून पुन्हा मैदानात उतरला. एका वर्षात दोन पूर्ण तयारीचे हंगाम खेळणाऱ्या या नवख्याने फिलाडेल्फियाच्या तेरा सामन्यांत तेरा सॅक केले. मेम्फिसचे आकडे अधिकृत बेरजेत धरले जात नाहीत. ते धरले असते तर बेरीज २२१.५ झाली असती आणि २००३ चा उच्चांकही तिच्यापुढे तोकडा पडला असता. प्रतिस्पर्धी लीग बुडाली म्हणून तिच्यात गाळलेला घामही खोटा ठरावा, हा न्याय काहीसा सोयीचा वाटतो.

फिलाडेल्फियातील आठ हंगामांत त्याने १२१ सामन्यांत १२४ सॅक केले. १९८७ मध्ये संपामुळे त्याच्या वाट्याला बाराच सामने आले, तरी त्याने २१ सॅक नोंदवले. त्याचा हुकमी डाव सांगण्याजोगा आहे. समोरच्या टॅकलला, म्हणजे क्वार्टरबॅकचे रक्षण करणाऱ्या धिप्पाड खेळाडूला, तो बाहेरच्या बाजूने मुसंडी मारून जातो आहे असे भासवी. टॅकल घाईने मागे सरकत बाहेर झुकला की त्याचा तोल एका पायावर येई, आणि नेमक्या त्याच क्षणी व्हाइट आतला हात त्याच्या काखेखाली घालून त्याला अक्षरशः उचलून बाजूला फेकी. दीडशे किलोच्या आसपासचा गडी असा हवेत गेल्यावर क्वार्टरबॅकपर्यंतची वाट मोकळीच असे.

त्याच काळात खेळाडू ‘मुक्त’ असतो म्हणजे नेमके काय, हा वाद धुमसत होता. १९६३ पासून असा नियम होता, की करार संपलेला खेळाडू दुसऱ्या संघात गेला, तर नव्या संघाने जुन्याला भरपाई द्यायची आणि दोघांचे जमले नाही, तर ती भरपाई लीगच्या आयुक्ताने ठरवायची. कोणता खेळाडू वा नवोदितांना निवडण्याची कोणती संधी गमवावी लागेल हे आधी कळत नसल्याने संघ अशा खेळाडूच्या वाटेला जात नसत. १९७६ मध्ये न्यायालयाने हा नियम मक्तेदारीविरोधी कायद्याच्या विरुद्ध ठरवला. तरीही पुढच्याच वर्षी खेळाडूंच्या संघटनेने वाटाघाटीत दुसऱ्या स्वरूपाची भरपाई मान्य केली : जुन्या संघाला नव्याने देऊ केली तेवढीच रक्कम देऊन खेळाडू राखण्याचा हक्क मिळाला, आणि त्याने तो वापरला नाही, तर नवोदितांच्या निवडीतील क्रमांक मिळू लागले. न्यायालयात जिंकलेले टेबलावर घालवले, अशी टीका संघटनेवर तेव्हाही झाली. १९८८ मध्ये शिकागोच्या एका लाइनबॅकरला (बचावाच्या दुसऱ्या फळीतील खेळाडूला) घेण्यासाठी वॉशिंग्टनला पहिल्या फेरीतील दोन निवडी मोजाव्या लागल्या, तेव्हा त्या व्यवहाराचीच बातमी झाली, इतके असे स्थलांतर विरळ होते.

१९८७ चा संप बदली खेळाडू उतरवून मोडून काढण्यात आला आणि १९८९ मध्ये मालकांनी ‘प्लॅन बी’ आणला. त्यानुसार प्रत्येक संघाने ३७ खेळाडू राखीव ठेवायचे आणि उरलेल्यांना ठरावीक मुदतीत कुठेही जाण्याची मोकळीक द्यायची. कागदावर शेकडो खेळाडू मुक्त झाले, पण ते ज्यांच्यावाचून संघाचे अडत नव्हते असे. राखीव यादीतल्यांचा करार संपला तरी जुनी बेडी कायम राहिली. ‘मुक्त’ या शब्दाची एवढी थट्टा क्वचितच झाली असेल : ज्याला बाजारात किंमत तो बांधलेला, आणि जो मोकळा त्याला गिऱ्हाईक नाही.

संघटनेने १९८९ मध्ये कामगार संघटना म्हणून असलेला आपला दर्जाच सोडला. सामूहिक कराराच्या आड मालकांना मक्तेदारीविरोधी कायद्यापासून मिळणारे संरक्षण त्यामुळे सैल होणार होते. सप्टेंबर १९९२ मध्ये मिनियापोलिसच्या ज्यूरीने ‘प्लॅन बी’ बेकायदा ठरवला. त्यानंतर चार खेळाडूंना काही दिवसांपुरती मोकळीक मिळाली आणि त्यांतला व्हाइटचा फिलाडेल्फियातील सहकारी थेट मायामीला गेला. त्याच सुमारास सर्व खेळाडूंच्या वतीने एक व्यापक दावा दाखल झाला. त्यात पहिले नाव व्हाइटचे होते.

जानेवारी १९९३ मध्ये तडजोड झाली. पाच हंगाम पूर्ण केलेला आणि करार संपलेला खेळाडू खऱ्या अर्थाने मुक्त ठरला. मोबदल्यात मालकांनी दोन गोष्टी पदरात पाडून घेतल्या. एक वेतनमर्यादा, जी १९९४ मध्ये प्रत्येक संघासाठी ३ कोटी ४६ लाख डॉलर ठरली. दुसरी ‘फ्रँचायझी खेळाडू’ ही तरतूद, जिच्यानुसार संघाला आपला एक मोहरा अडवून ठेवता येतो. दाव्यात नाव असल्यामुळे व्हाइटला ही तरतूद लागू होणार नव्हती. इतरांना ती आजही लागू आहे. म्हणजे ‘मुक्ती’चा पुरस्कर्ता पूर्ण मोकळा झाला आणि त्याच्यासारखेच अव्वल असलेले पुढचे खेळाडू अर्धवट अडकले, हे तडजोडीचे विचित्र फलित होय.

व्हाइटने कित्येक शहरांना भेटी दिल्या. ग्रीन बेसारखे छोटे, थंडीने गारठणारे गाव तो निवडेल अशी फारशी अपेक्षा नव्हती. आपण देवाचा कौल घेऊ, असे तो म्हणत असल्याने पॅकर्सच्या प्रशिक्षकाने त्याच्या फोनवर ‘मी देव बोलतोय, ग्रीन बेला ये’ असा निरोप ठेवल्याचा किस्सा प्रसिद्ध आहे. तिथल्या सहा हंगामांत त्याने ६८.५ सॅक केले. जानेवारी १९९७ मध्ये न्यू ऑर्लीन्स येथे पॅकर्सनी न्यू इंग्लंडला ३५-२१ असे हरवून सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना जिंकला, त्यात तीन सॅक व्हाइटचे होते.

मार्च १९९८ मध्ये विस्कॉन्सिनच्या विधिमंडळापुढील भाषणात त्याने वंश आणि समलैंगिकता यांविषयी केलेल्या विधानांवर तीव्र टीका झाली. त्याच वर्षीच्या हंगामात १६ सॅक करून तो दुसऱ्यांदा सर्वोत्तम बचावपटू ठरला. एक वर्ष विश्रांती घेऊन तो २००० मध्ये कॅरोलायनाकडून शेवटचा हंगाम खेळला. २६ डिसेंबर २००४ रोजी, वयाच्या ४३ व्या वर्षी त्याचे निधन झाले. २००६ मध्ये त्याला मरणोत्तर हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळाले. त्याच्या नावाच्या दाव्यातील तडजोडीवर न्यायालयाची देखरेख मात्र २०११ पर्यंत चालू होती, आणि तोवर मालक व खेळाडू यांच्यात वाद उपस्थित झाला की ती कागदपत्रे त्याच न्यायालयापुढे पुन्हा उघडली जात.