त्रास नेमका कुणामुळे?

समलैंगिकतेवर पाप आणि गुन्हा हे दोन शिक्के आधीपासूनच होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांत आजाराची भर पडली आणि उपचार म्हणून पुढे विजेचे झटके, उलटी आणणारी औषधंही आली. समलिंगी माणसं खचलेली का दिसतात, याचं उत्तर तयार असे: समलिंगी आहेत म्हणून. डॉक्टरांसमोर मुळात खचलेलेच येत, हे फारसं कुणी लक्षात घेत नव्हतं. १९५७ मध्ये एका अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी उपचार न घेणाऱ्या ३० समलिंगी आणि ३० भिन्नलिंगी पुरुषांच्या चाचण्या, कोण कोणता ते न सांगता, तज्ज्ञांपुढे ठेवल्या. तज्ज्ञांना ते वेगळे काढता आले नाहीत.

१९७२ मध्ये अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या परिषदेत एक डॉक्टर मुखवटा आणि विग घालून, आवाज बदलणाऱ्या माइकवरून बोलला. आपण समलिंगी आहोत आणि इथले सदस्यही आहोत, एवढं सांगायला त्याला इतकं झाकून घ्यावं लागलं. पुढच्याच वर्षी या तज्ज्ञांच्या संघटनेच्या आजारांच्या यादीतून समलैंगिकता निघाली. विरोधकांनी मतदान मागितलं; १९७४ मध्ये सुमारे ५८ टक्के मतं निर्णयाच्या बाजूने पडली.

गोष्ट बहुतेकदा इथे संपवली जाते. पण त्याच निर्णयात एक तडजोड होती, आणि माझ्या मते तिने फार नुकसान केलं. समलैंगिकता आजार नाही, पण स्वतःच्या लैंगिक कलाचा ज्याला त्रास होतो किंवा तो बदलावासा वाटतो, त्याला निदान लागू! १९८० मध्ये त्याचं नाव बदललं, १९८७ मध्ये ती नोंद गेली. तरी कलाविषयीच्या तीव्र त्रासाचा उल्लेख २०१३ पर्यंत एका कोपऱ्यात टिकला. जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीतून समलैंगिकता १९९० मध्ये वगळली गेली, पण तिथलंही असंच निदान हटवणारी आवृत्ती लागू व्हायला २०२२ उजाडलं. ज्याने लहानपणापासून स्वतःबद्दल घाणेरडंच ऐकलं, त्याला त्रास होणार नाही तर काय? त्या त्रासाचं खापर त्याच्याच डोक्यावर फुटलं. ‘त्याला स्वतःलाच बदलायचंय’ म्हणत कल बदलण्याचे उपचार चालू राहिले.

‘होमोफोबिया’, म्हणजे समलिंगी माणसांबद्दलचं भय, हा शब्द १९६९ च्या सुमारास छापून आला. त्यात भय आहे, द्वेष नाही, म्हणून अनेक अभ्यासकांना तो खटकतो. पण त्या शब्दाने बोट दुसऱ्या बाजूकडे, त्रास देणाऱ्यांकडे, वळवलं. १९९५ आणि २००३ मधल्या लेखांनी समलिंगी माणसांच्या वाट्याला येणारा ‘अल्पसंख्याकांचा ताण’ नीट मांडला: झालेला अपमान, होऊ शकणाऱ्या अपमानाची धास्ती, लपवाछपवी, आणि ऐकलेलं सगळं स्वतःबद्दल खरं वाटू लागणं.

लपवाछपवी किती थकवते, ते मराठीत बोलताना पाहावं. इथे क्रियापदालाही लिंग असतं. जोडीदाराबद्दल बोलताना ‘तो म्हणाला’ तोंडातून निसटू नये म्हणून माणूस ‘आम्ही गेलो होतो’वर निभावतो. लपल्याने त्या दिवसापुरतं वाचता येतं. पण आधार माणसांत सापडतो. एका विश्वासू माणसाला सांगणं, आपल्यासारख्यांची सोबत, रक्ताचं नसलेलं पण हक्काचं घर, यांवर पुष्कळांनी दिवस काढले. असं सांगायला वेळही लागतो. १९७२ चा तो डॉक्टर, ‘मुखवट्यामागे मीच होतो’, हे जाहीरपणे बोलला ते १९९४ मध्ये.