महामारी आणि विकसनशील देशांचा सीमाशुल्क महसूल

विकसनशील देशांच्या तिजोरीत सीमाशुल्काचा वाटा श्रीमंत देशांच्या मानाने मोठा असतो, कारण घरोघरच्या उत्पन्नापेक्षा बंदरात उतरलेल्या मालावर कर वसूल करणे सोपे जाते. नेपाळमध्ये आयात मालावरचा व्हॅट आणि अबकारीही सीमेवरच्या नाक्यावरच भरली जाते. तिथे आयात थांबली की तिन्ही कर एकदम आटतात.

तरी आयात जितकी घटेल तितकाच महसूल घटेल, हा हिशेब भाबडा आहे. भारतात कोविडमुळे २५ मार्च २०२० पासून टाळेबंदी होती. एप्रिलमध्ये मालाची आयात वर्षभरापूर्वीपेक्षा सुमारे ५९ टक्क्यांनी कमी झाली, सोन्याची तर जवळपास शून्यावर आली. २०२०-२१ या पूर्ण आर्थिक वर्षात डॉलरमधली आयात सुमारे १७ टक्क्यांनी घटली. सीमाशुल्क मात्र आदल्या वर्षीच्या सुमारे १.०९ लाख कोटी रुपयांवरून १.३५ लाख कोटींवर गेले.

कोणता माल कमी आला, यावर बरेच अवलंबून असते. कच्च्या तेलावर मूलभूत सीमाशुल्क टनाला अवघा १ रुपया असल्याने तेलाची आयात कितीही घसरली तरी या खात्याला फारसा धक्का बसत नाही. सोन्यावर वर्षाचा बहुतेक काळ १२.५ टक्के शुल्क होते आणि एप्रिलची खोट भरून निघून वर्षाची सोनेआयात आदल्या वर्षापेक्षा वाढली. फेब्रुवारी २०२० च्या अर्थसंकल्पाने खेळण्यांवरचे शुल्क २० वरून ६० टक्के, पादत्राणांवरचे २५ वरून ३५ टक्के केले होतेच.

मूल्यांकनाचाही हात असतो. शुल्क मालाची किंमत, विमा व जहाजभाडे यांच्या बेरजेवर लागते. १० लाखांच्या मालाचे भाडे ५० हजारांवरून २ लाखांवर गेले, तर १० टक्के दराने शुल्क १५ हजारांनी वाढते, माल तेवढाच. कंटेनरची भाडी भडकली तेव्हा हेच घडले. विमानाने आलेल्या मालाला मात्र ही वाढ पूर्ण लागू होत नाही: हवाई भाडे मालाच्या निर्यात-बंदरातील किमतीच्या २० टक्क्यांपर्यंतच धरतात.

९ एप्रिल २०२० रोजी व्हेंटिलेटर, मास्क, पीपीई व चाचणी किट यांचे मूलभूत शुल्क आणि आरोग्य उपकर ३० सप्टेंबरपर्यंत माफ झाले. अशा माफीत गळतीची जागा वर्गीकरणात असते. कापडी मास्क सीमाशुल्काच्या माल-यादीतील ६३०७९० या शीर्षात येतात, पण त्याच शीर्षात इतर शिवलेल्या कापडी वस्तूही बसतात. बिल ऑफ एंट्रीतले, म्हणजे आयातदाराने कस्टम्सला दिलेल्या मालाच्या घोषणापत्रातले, वर्णन मोघम असेल, तर माफी नको त्या मालालाही मिळू शकते.

महिन्याचे आकडे विशेष फसवे. कारखाना बंद असला की आयातदार माल सोडवत नाही. न्हावा शेवा बंदरात डेमरेज, म्हणजे माल वेळेत न उचलल्याचा आकार, चढत राहते, नाहीतर माल बाँडेड गोदामात जातो, जिथे शुल्क न भरता तो ठेवता येतो. शुल्क तेव्हा बुडत नाही, पुढे ढकलले जाते. गोदामातला माल काढण्यासाठी बिल ऑफ एंट्री भरली जाते त्या दिवशीचा दर लागतो, त्यामुळे मधल्या काळात सवलत आली तर फायदा आयातदाराचा. देशादेशांची तुलना करताना आणखी एक पाहावे: भारतात आयातीवरचा आयजीएसटी (एकात्मिक वस्तू व सेवा कर) कस्टम्सकडे भरला जातो, पण वरच्या सीमाशुल्काच्या आकड्यात तो धरलेला नाही.