वॅगनचा सांगाडा आणि गंज : पार्श्वभूमी

हवामानाला दाद न देणारे म्हणून विकल्या जाणाऱ्या पोलादाची अंडरफ्रेम (वॅगनच्या तळाचा, ओझे पेलणारा सांगाडा) रंगवायची की तशीच सोडायची, हा वाद मालवाहू वॅगनींच्या धंद्यात गेली कित्येक दशके चालू आहे. एका बाजूला रंग, साफसफाई आणि मजुरीचा खर्च आहे, तर दुसऱ्या बाजूला चाळीस-पन्नास वर्षे ओझे वाहायचे असलेला सांगाडा. वरवर हा वाद रंगाचा वाटतो, पण त्याचे मूळ 1933 साली बाजारात आलेल्या एका पोलादात आणि त्या पोलादाविषयी नंतर पसरलेल्या समजुतीत आहे.

त्याआधीचा काळ थोडक्यात. एकोणिसाव्या शतकातल्या बहुतेक वॅगनींचे सोल बार (बाजूंच्या लांब तुळया) आणि हेडस्टॉक (टोकांच्या आडव्या तुळया) लाकडी असत. लोखंड होते ते बफर, ड्रॉबार, टाय रॉड अशा भागांत. 1890 च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत कोळशासाठी संपूर्ण पोलादी हॉपर (तळातून माल सोडणारे डबे) मोठ्या संख्येने बनू लागले आणि पुढच्या वीस-तीस वर्षांत लाकडी सांगाडा मागे पडला. रंग मात्र लाकडाच्या काळातलाच राहिला : आयर्न ऑक्साइडची तांबडी भुकटी आणि अळशीचे तेल. हा रंग स्वस्त होता, उन्हात टिकत होता, आणि म्हणूनच देशोदेशीच्या मालगाड्या विटकरी दिसू लागल्या. पण आयर्न ऑक्साइड पाण्याला फक्त आडोसा करतो, धातूच्या पृष्ठभागावर गंज रोखणारी कुठलीही क्रिया घडवत नाही. शिवाय त्याचा वर्ण गंजाशी इतका मिळताजुळता की तपासनीसाला कोठे रंग संपला आणि कोठे गंज सुरू झाला हे दोन हातांवरूनही कळत नसे.

रेड लेडचे, म्हणजे शेंदरी प्रायमरचे काम निराळे होते. त्यातले शिसे तेलातल्या आम्लांशी संयोग पावून साबणासारखी संयुगे तयार करते आणि ती पोलादाच्या पृष्ठभागावर गंजाला अटकाव करतात. पृष्ठभाग नीट साफ झालेला नसला तरी रेड लेड बऱ्यापैकी निभावून नेते, हा त्याचा मोठा गुण. पण ते महाग, जड, सावकाश वाळणारे आणि विषारी. त्यामुळे जिथे परवडे तिथे ते सांध्यांच्या आत आणि बाकी सगळीकडे ऑक्साइड, अशी वाटणी होत असे.

सांध्यांचे महत्त्व जुन्या कारागिरांना नीट ठाऊक होते, आणि माझ्या मते या सगळ्या इतिहासात तेच सर्वांत कमी नोंदले गेले आहे. रिव्हेट मारून एकावर एक बसवलेल्या दोन प्लेटा कधीच पूर्ण चिकटत नाहीत. मधल्या फटीत पाणी केशाकर्षणाने ओढले जाते आणि बाहेरचा भाग वाळला तरी आत ओल राहते. गंज मूळ लोखंडाच्या अनेक पट जागा घेतो. फटीत तो थरावर थर साचतो, दोन रिव्हेटांच्या मधली प्लेट फुगते आणि शेवटी रिव्हेटचे डोके तटकन उडते. बाहेरून पाहिले तर रंग शाबूत. फक्त सांध्याच्या कडेला एक बारीक तपकिरी ओघळ. 1930 नंतर वेल्डिंग वाढले तसे एकावर एक येणारे सांधे कमी झाले, पण संपले नाहीत. सलग न करता तुटक केलेल्या वेल्डने तीच फट पुन्हा जन्माला घातली.

दुसरी अडचण भट्टीच्या खपलीची. रोलिंग मिलमधून आलेल्या प्लेटवर निळसर काळी घट्ट खपली असते. तिच्यावर रंग छान बसतो, पण काही महिन्यांनी धक्के आणि तापमानातला फरक यांमुळे खपली तडकते आणि रंगासकट गळून पडते. पाण्याच्या संगतीत खपली कॅथोड आणि उघडे पोलाद ॲनोड (म्हणजे झिजणारी बाजू) होत असल्याने तडकलेल्या जागी गंज खोल खड्डे करत जातो. त्यामुळे काही कारखाने प्लेटा मुद्दाम उघड्यावर ठेवून खपली आपोआप सुटू देत आणि मग तारेच्या ब्रशने घासत. काम घाईचे असले की हा टप्पा सगळ्यांत आधी गाळला जाई.

मालाचाही वाटा मोठा होता. कोळशातले पायराइट हवा आणि पाण्याशी मिळून गंधकाम्ल तयार करते. बर्फाने थंड ठेवल्या जाणाऱ्या डब्यांत तर मांसासाठी बर्फात मीठ मिसळत, आणि ते खारे पाणी वाटभर ठिबकत अंडरफ्रेम, बोगी, रूळ आणि पुलांचे गर्डर खात जाई. अखेर अमेरिकेत मांसाच्या डब्यांना ते पाणी धरून ठेवणाऱ्या टाक्या बसवण्याची सक्ती झाली. अशा गाड्यांच्या तळाला डांबरी लेपाचा जाड थर देत. तो चांगला होता, पण वय झाल्यावर तडकायचा आणि तडकल्यावर पाणी आत घेऊन बसायचा.

आता 1933 कडे. त्याआधी दोन दशके एक गोष्ट सिद्ध झाली होती : पोलादात सुमारे 0.2 टक्के तांबे असेल तर उघड्या हवेत ते बरेच सावकाश गंजते. तांबेयुक्त पोलादाच्या वॅगनीही धावू लागल्या होत्या. त्याच धाग्यावर अमेरिकेतल्या एका मोठ्या पोलाद कंपनीने तांबे, क्रोमियम, फॉस्फरस आणि सिलिकॉन यांची जोड देऊन कॉर-टेन हे पोलाद आणले. त्याचे पहिले मोठे गिऱ्हाईक रेल्वेच, तीही कोळशाच्या वॅगनींसाठी.

ते कशासाठी घेतले गेले, हे आज विसरले जाते. पहिले कारण ताकद. साध्या पोलादापेक्षा बरीच जास्त, म्हणजे सुमारे 345 मेगापास्कलची यील्ड स्ट्रेंग्थ (कायमचे वाकण्याआधी पेलता येणारा ताण) मिळत असल्याने प्लेट पातळ करता येई, वॅगनचे स्वतःचे वजन घटे आणि तेवढा जास्त माल भरता येई. दुसरे कारण असे की या पोलादावर रंग जास्त टिकतो : ओरखडा पडला तरी खालचा गंज रंगाला झटपट उचलत नाही. म्हणजे सुरुवातीची शिफारस रंग लावण्याचीच होती, आणि तो जास्त वर्षे पुरेल हा फायदा म्हणून सांगितला जात होता.

कोळशाच्या वॅगनीची आतली बाजू विनारंग ठेवणे मात्र शहाणपणाचे होते. प्रत्येक भरणी-उपशात कोळसा आतला कोणताही रंग खरवडून काढतोच. तिथे रंग लावणे म्हणजे पैसा आणि वेळ दोन्ही वाया. हा निर्णय बरोबर होता आणि आजही आहे. चूक झाली ती तो निर्णय आतल्या बाजूवरून बाहेर आणि बाहेरून खाली, अंडरफ्रेमपर्यंत नेण्यात.

त्याला बळ मिळाले रेल्वेबाहेरून. 1964 मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात मोलीन इथे एका अवजार कंपनीचे मुख्यालय विनारंग कॉर-टेनमध्ये उभे राहिले. त्याचा गडद तपकिरी थर जगभर गाजला. त्याच सुमारास विनारंग पूलही बांधले जाऊ लागले. प्रयोगशाळांचे आकडेही सोयीचे होते : साध्या पोलादाच्या तुलनेत चौपट किंवा त्याहून जास्त टिकाऊपणा. पण हे आकडे ज्या नमुन्यांवरून आले ते सूर्याकडे तोंड करून, तिरक्या मांडणीवर, मोकळ्या हवेत ठेवलेले पत्रे होते. पाऊस त्यांना धुतो, ऊन वाळवते, आणि भिजण्या-वाळण्याच्या अशाच फेऱ्यांतून तो घट्ट संरक्षक थर तयार होतो.

अंडरफ्रेमला यातले काय मिळते? सेंटर सिलच्या, म्हणजे मधोमध लांबीने जाणाऱ्या मुख्य तुळईच्या, खालच्या फ्लँजवर (आडव्या पट्टीवर) कोळशाची बारीक भुकटी साचते. खरवडणीने ती उकरली तर वरचा थर कोरडा आणि खालचा काळा, ओलसर, बोटाला चिकटणारा. त्याच्याखाली नारिंगी चिखल, आणि मग पोलादाचे पापुद्रे पत्त्यांच्या जोडासारखे एकेक सुटून येतात. तिथे ऊन पोहोचत नाही, पाऊस धूत नाही, फक्त आम्ल मुरत राहते. थंड प्रदेशात कोळसा गोठू नये किंवा वॅगनला चिकटू नये म्हणून कॅल्शियम क्लोराइड फवारतात, आणि क्लोराइड असेल तिथे संरक्षक थर धड जमतच नाही. मुळात हे पोलाद निवडले प्लेट पातळ करण्यासाठी. दहा मिलिमीटरच्या प्लेटमधून एक मिलिमीटर गेला तर दहावा हिस्सा जातो. सात मिलिमीटरच्या प्लेटमधून तेवढाच गेला तर सातवा. गंजाचा वेग कमी करून मिळालेले बरेचसे पातळपणात आधीच खर्च झालेले असते.

पुलांच्या बाबतीत हा हिशेब लवकर बाहेर आला. 1980 मध्ये मिशिगन राज्याने विनारंग पुलांवर स्थगिती आणली, कारण हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेल्या मिठाचे पाणी सांध्यांतून झिरपून गर्डर खात होते. 1989 च्या संघीय मार्गदर्शक सूचनांनी तडजोड सुचवली : पोलाद विनारंग चालेल, पण पुलाच्या सांध्यांपासून गर्डरच्या उंचीच्या दीडपट अंतरापर्यंत रंग हवाच. जिथे पाणी साचते आणि वाळत नाही तिथे रंगवा, एवढाच त्याचा अर्थ. वॅगनींना हाच नियम लावला तर सेंटर सिल, बोल्स्टर आणि क्रॉसबेअरर (तिला जोडलेल्या आडव्या तुळया) यांच्या जोडांवर सगळ्यांत आधी रंग द्यावा लागेल. विनारंग ठेवण्याच्या बाजूने बोलणारे सांगतात की अनेक सांगाडे असेच आयुष्य पूर्ण करून भंगारात गेले. ते खरेही आहे. कोरड्या प्रदेशात, धान्य किंवा खडी वाहणाऱ्या गाड्यांत हे घडते. पण या उदाहरणांवरून ओल्या कोळशाच्या, खताच्या किंवा मिठाच्या गाड्यांचा निर्णय करणे मला पटत नाही.

या वादाच्या छायेत रंगांची दुनिया मात्र झपाट्याने बदलली. रेती फवारून पोलाद साफ करण्याची पद्धत कामगारांच्या फुप्फुसांवर बेतली. सिलिकोसिसमुळे ब्रिटनने 1949 च्या नियमांनी कास्टिंग आणि तत्सम वस्तूंवर रेतीचा मारा बंद केला. तिची जागा पोलादी गोळ्यांच्या शॉट ब्लास्टिंगने घेतली. 1967 च्या स्वीडिश मानकाने साफसफाईच्या प्रती ठरवून दिल्या. त्यातली ‘एसए अडीच’ ही प्रत आजही जगभर बोलली जाते. यामुळे भट्टीच्या खपलीचा प्रश्न पहिल्यांदा मुळापासून सुटला : प्लेट कापण्याआधीच शॉट ब्लास्ट करून तिच्यावर पातळ शॉप प्रायमर मारता येऊ लागला.

शिसे आणि क्रोमेट (गंजरोधक रंगांतली क्रोमियमची संयुगे) हळूहळू बाद झाले. क्रोमेट कर्करोगकारक ठरल्यावर झिंक फॉस्फेट आले. ते निरुपद्रवी, पण रेड लेडइतके माफ करणारे नाही. त्याला पृष्ठभाग स्वच्छच लागतो. पाठोपाठ हवेत उडून जाणाऱ्या सॉल्व्हंटवर बंधने आली आणि जुन्या अल्किड (तेलयुक्त) रंगांच्या जागी घट्ट इपॉक्सी व पाण्यातले ॲक्रिलिक रंग आले. एकाच जाड कोटात काम उरकणारे हे रंग सपाट बाजूंवर उत्तम बसतात. धारदार कडांवर आणि वेल्डच्या शिंतोड्यांवर मात्र ते ताणून पातळ होतात, आणि अंडरफ्रेम म्हणजे बहुतांशी कडा आणि वेल्डच. कडांवर ब्रशने आधी एक पट्टा मारण्याची पद्धत जहाजांच्या गोदीत नेहमीची आहे. वॅगनीच्या कारखान्यात तिला वेळ दिला जात नाही.

गॅल्व्हनायझिंग का नाही, असे विचारले जाते. सुमारे 450 अंशांच्या जस्तात वॅगनीची पूर्ण लांबी बुडवायला तेवढी टाकी लागते, आणि वेल्ड केलेला सांगाडा त्या उष्णतेत वाकतो. त्याऐवजी एकावर एक येणाऱ्या पृष्ठभागांवर वेल्ड करता येईल असा झिंकयुक्त प्रायमर मारतात. सांध्याच्या आत रेड लेड लावणाऱ्या जुन्या कारागिराचेच काम आज हा प्रायमर करतो.

धातूच बदलण्याचे प्रयत्नही झाले. दक्षिण आफ्रिकेत 1970 च्या दशकाच्या उत्तरार्धात सुमारे 12 टक्के क्रोमियमचे स्वस्त स्टेनलेस पोलाद विकसित झाले आणि कोळशाच्या वॅगनींत रूढ झाले. भारतानेही पुढे त्याच जातीचे पोलाद उघड्या वॅगनींच्या बॉडीसाठी घेतले. अमेरिकेत कोळशासाठी ॲल्युमिनियमच्या बॉडी आल्या. दोन्हीकडे बदल मुख्यतः बॉडीत झाला आणि सांगाडा बहुधा पोलादीच राहिला. ॲल्युमिनियमच्या बाबतीत तर नवीच चिंता आली : दोन धातू एकमेकांना भिडले आणि मध्ये खारे पाणी आले की सांधा झिजतो. त्यासाठी मध्ये विलग करणारी पट्टी आणि दोन्ही बाजूंना रंग लागतो. म्हणजे जो खर्च टाळायचा होता तो सांध्यावर परत आला.

उत्तर अमेरिकेत 1 जुलै 1974 नंतर बांधलेल्या वॅगनींना आंतरबदलासाठी, म्हणजे एका रेल्वे कंपनीकडून दुसरीच्या मार्गावर जाण्यासाठी, 50 वर्षांची मुदत आहे, त्याआधीच्यांना 40. पन्नासच्या त्या मुदतीचा पहिला गट 2024 मध्ये संपू लागला. या गाड्या नेमक्या त्या काळातल्या, जेव्हा विनारंगाची कल्पना सर्वाधिक जोरात होती. त्यांच्या सेंटर सिलची जाडी कापणीआधी अल्ट्रासॉनिक मापकाने जोडांपाशी आणि जोडांपासून दूर अशी दोन्ही ठिकाणी नोंदवून ठेवली, आणि कोणती गाडी कोणता माल वाहत होती हे त्याशेजारी लिहिले, तर वादाला पन्नास वर्षांत न मिळालेला पुरावा मिळेल. भंगारात गेलेल्या सांगाड्याची जाडी कोणी सहसा मोजत नाही.