पिल्लू खेळता खेळता चावतंय? आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

कुत्र्याचं नवं पिल्लू घरी आलं की पहिल्या पंधरवड्यात आमच्या दुकानाच्या काउंटरवर हमखास येणारा प्रश्न खाण्याचा नसतो. "सारखं चावतंय ओ, रागीट निघालं की काय?" असं विचारत लोक बाही वर करून ओरखडे दाखवतात. हे पत्रक त्यांच्यासाठी आहे. घरी नेऊन सगळ्यांना वाचायला द्या, कारण एकानं शिकवायचं आणि दुसऱ्यानं हात चावायला द्यायचा, असं चाललं तर काही उपयोग होत नाही.

पिल्लू रागीट नाही. वस्तू मऊ आहे की कडक, समोरचा खेळायला तयार आहे की नाही, हे सगळं ते तोंडानंच तपासतं. साधारण सहा ते आठ आठवड्यांचं होईपर्यंत त्याचे २८ दुधाचे दात आलेले असतात आणि ते चांगलेच टोकदार असतात. चौथ्या महिन्याच्या आसपास ते पडायला लागतात, आणि सहा-सात महिन्यांपर्यंत ४२ पक्के दात येतात. मधल्या काळात हिरड्या शिवशिवतात, त्यामुळे कमी झालेलं चावणं पुन्हा वाढल्यासारखं वाटतं. तेव्हा सगळं शिकवलेलं वाया गेलं असं समजू नका.

जबडा किती जोरात मिटायचा, हे पिल्लू भावंडांत शिकतं. जास्त जोरात चावलं की भावंड केकाटतं आणि खेळ सोडून निघून जातं. तालमीत सरावाची कुस्ती धरताना पैलवान जोडीदाराचा हात मोडत नाही, ताकद कुठं आवरायची हे तो मातीतच शिकतो. तसंच हे आहे. पण तीस-पस्तीस दिवसांचं पिल्लू आईपासून उचललं तर हा धडा अर्धवट राहतो. केंद्र सरकारच्या २०१७ च्या श्वान प्रजनन व विक्रीविषयक नियमांत आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकायला मनाई आहे. तरी "लहान असतानाच आणलं की लळा लागतो" म्हणून घाई होते. लळा नंतरही लागतो. तुम्ही आधीच आणलं असेल तर राहिलेला धडा आता घरच्यांनी द्यायचा.

खेळ थांबतो, एवढंच कळू दे

पिल्लानं हात धरला की आपण पटकन ओढून घेतो. ओढलेला हात म्हणजे पिल्लाला पळणारं सावज. ते आणखी जोरात धरतं, आणि खरचटतं ते ओढल्यामुळेच. त्याऐवजी हात आहे तिथं ढिला सोडा. साध्या आवाजात एकदाच "आई गं" म्हणा, हात काखेत घ्या, तोंड फिरवा. दहा-पंधरा सेकंद बोलणं नाही, बघणं नाही. पिल्लू शांत झालं की पुन्हा खेळा, पण आता हातात दोरीचं किंवा कापडाचं खेळणं असू दे. मागं लागून पायजम्याला, साडीच्या काठाला लोंबकळत असेल तर अर्ध्या मिनिटासाठी दाराच्या पलीकडं तुम्ही जा. पिल्लाला बाथरूममध्ये कोंडू नका. कोंडलं की ते फक्त बाथरूमला घाबरायला शिकतं.

मोठ्यानं किंचाळण्याचा सल्ला सगळीकडं मिळतो. काही पिल्लं त्यानं खरंच थबकतात, पण काहींना तो खेळाचाच भाग वाटतो आणि ती जास्त चेकाळतात. तुमचं पिल्लू कोणत्या जातकुळीतलं आहे ते दोन वेळात कळेल. चेकाळत असेल तर आवाज बंद, नुसता खेळ थांबवा.

सुरुवातीला फक्त लागेल अशा चाव्यालाच खेळ थांबवा. ते कमी झाले की मध्यम चाव्यालाही थांबवा, आणि शेवटी दात टेकले तरी. आधी जोर कमी होऊ दे, मग संख्या. आम्हाला हीच वाट पटते, कारण पुढं कधी शेपटीवर पाय पडून मोठ्या झालेल्या कुत्र्यानं दचकून तोंड टाकलंच, तर ते जोर आवरूनच टाकेल. मात्र घरात रांगतं मूल किंवा नाजूक कातडीची वयस्क माणसं असतील तर हा टप्प्याटप्प्याचा मार्ग नको. तिथं पहिल्या दिवसापासून अंगाला दात नाही, दात फक्त खेळण्याला.

पहिले काही दिवस चावणं वाढेल. आजवर चालत होतं ते आता का चालेना, म्हणून पिल्लू जोर लावून बघतं. नेमकं तेव्हाच आजोबा "असू दे रे, लहान आहे" म्हणत बोट पुढं करतात.

नाकावर वर्तमानपत्र मारणं, जबडा दाबून धरणं, हाताला तिखट चोळणं, हे काही करू नका. त्यातून पिल्लू हाताला भितं, आणि भिणारं कुत्रं जास्त चावतं. गुरगुरण्याबद्दलही रागावू नका. गुरगुरणं ही सूचना आहे. ती मार खाऊन बंद झाली तर पुढं सूचनेशिवाय चावा येतो.

संध्याकाळी सातनंतर अंगात आल्यासारखं करतंय?

बहुतेक वेळा ते दमलेलं असतं. पिल्लाला दिवसातून अठरा-वीस तास झोप लागते. शाळेतून आलेली पोरं, पाहुणे, टीव्ही यात ती मोडते आणि मग जो दिसेल त्याला चावत सुटतं. तेव्हा आणखी खेळवून दमवू नका. शांत कोपऱ्यात अंथरूण द्या, चघळायला काही द्या, थोड्या वेळात डोळे मिटतील.

आपल्याकडच्या पावसाळ्यात उलटं होतं. दिवसच्या दिवस बाहेर पडता येत नाही आणि अंगातली रग घरातच निघते. जुन्या टॉवेलच्या घडीत खाणं लपवून शोधायला लावा, डोकं चाललं तरी पिल्लू दमतं. लसी पूर्ण झाल्या नसतील तर रंकाळा तलावावर खाली सोडू नका, पण कडेवर घेऊन माणसं, रिक्षा, गर्दी जरूर दाखवा. तिसऱ्या आठवड्यापासून तीन-साडेतीन महिन्यांपर्यंत बघितलेलं त्याला पुढं परकं वाटत नाही.

चघळायला काय द्यायचं

जुनी कोल्हापुरी पायताणं देऊ नका. चामड्याचा वास त्याला आवडतो, पण फाटकी जोडी कुठली आणि लग्नासाठी घेतलेली नवी कुठली, हे त्याला कळत नाही. ओला करून फ्रीजरमध्ये ठेवलेला सुती रुमाल किंवा गार गाजर हिरड्यांना बरं वाटतं आणि जवळजवळ फुकट आहे. खेळणं घेताना अंगठ्याचं नख रुतवून बघा. नख अजिबात रुतत नसेल तर दात मोडू शकतो. चेंडू तोंडापेक्षा मोठा घ्या, दोरीचे धागे सुटले की टाकून द्या. शिजवलेली हाडं नकोत, त्यांचे तुकडे टोकदार होतात. बक्षीस म्हणून उकडलेल्या चिकनचे बारीक तुकडे चालतात, पण बिनमसाल्याचे. कांदा आणि लसूण दोन्ही कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशींना घातक आहेत, त्यामुळे आपला कांदा-लसूण मसाला आणि त्याचा रस्सा त्याच्या ताटलीत नको.

कडू स्प्रे आम्ही विकतो. टेबलाच्या पायांना ठीक आहे, हाताला लावून काही शिकवता येत नाही. "दात शिवशिवतात म्हणून कॅल्शियम" मागणाऱ्यांना आम्ही आधी डॉक्टरांकडं पाठवतो, कारण मोठ्या जातीच्या पिल्लांत जास्तीचं कॅल्शियम हाडांची वाढ बिघडवतं.

दात लागून रक्त आलं तर

साबण आणि वाहत्या पाण्यानं १५ मिनिटं धुवा. हळद, चुना, तिखट काही भरू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. कोल्हापुरातल्या सीपीआरसारख्या सरकारी रुग्णालयांत रेबीजची लस मिळते. "घरचंच पिल्लू आहे" हे टाळायचं कारण नाही, कारण रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर त्यावर उपचार नाही. पिल्लाला स्वतःला ही लस साधारण तीन महिन्यांचं झाल्यावर देतात, पुढचा डोस डॉक्टर सांगतील.

खेळताना पिल्लाचं अंग सैल असतं, उड्या वाकड्यातिकड्या असतात. त्याऐवजी अंग ताठ होतंय, डोळे रोखले जाताहेत, ताटलीजवळ गेलं की गुरगुर होतेय, किंवा पक्के दात येऊनही जोर कमी होत नाहीये, तर पत्रकावर विसंबू नका, पशुवैद्यांना दाखवा. कधीकधी कान किंवा पोट दुखत असतं.

दुपारी गर्दी कमी असते, तेव्हा पिल्लाला दुकानात घेऊन या. लसी बाकी असतील तर कडेवरच ठेवा. येताना तो चावलेला हात आणि घरातलं एखादं खेळणं आणा, बघून सांगू. नवं घ्यायची गरज नसेल तर तसंही सांगू.